टाकीजवळची डॉज : एका वारशाचा हिशेब

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीने मला सांगितले, "काका, तुम्ही इतिहासावर लिहा." सोसायटीची स्थापना, जागेचा व्यवहार, बोअरला लागलेले पाणी हे सगळे चेअरमन साहेबांच्या लेखात आलेच आहे. म्हणून मी वेगळा विषय घेतला. सोसायटीतल्या प्रत्येकाने जी रोज पाहिली, मुलांनी जिच्या टपावर चढून मार खाल्ला, आणि जिच्यामुळे सर्वसाधारण सभेत एक ठरावही झाला, त्या पाण्याच्या टाकीजवळच्या ताडपत्रीखालच्या गाडीचा हा इतिहास आहे. गाडी आता इथे नाही. टाकीजवळ दोन स्कूटर उभ्या असतात. पण "ती गाडी नेमकी कोणती होती, कुठून आली, आणि गेली कशी?" असे अजून लोक विचारतात. त्यांना एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

गाडी होती डॉज किंग्जवे, 1952 सालची. ती माझ्या वडिलांची. वडील धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, वकिली करत.

अमेरिकन गाड्या आपल्याकडे कशा आल्या

आज रस्त्यावर अमेरिकन गाडी शोधावी लागते. पण स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरची काही वर्षे मोठी गाडी म्हटले की ती बहुधा अमेरिकनच असे. फोर्डने भारतात 1926 साली कंपनी काढली. ती कॅनडातल्या फोर्डची शाखा होती. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. इंग्लंडच्या गाड्या दिसायला नेटक्या, पण अंगाने लहान आणि जमिनीला टेकलेल्या. अमेरिकन गाडी उंच, स्प्रिंगा दणकट आणि इंजिन मोठे. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यांना आणि ओढ्यांना तीच पुरी पडायची.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारची बार्शी आणि सोलापूर इंग्रजी मुलुखात. मधे करोडगिरीचे नाके, इकडे हाली सिक्का आणि तिकडे कलदार रुपया. आगगाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीची, कुर्डुवाडीहून येडशीवरून लातूरला जाणारी. ती 1911 साली लातूरला पोहोचली. संस्थानाने 1932 साली रेल्वे खात्यामार्फतच 27 बसगाड्यांची सरकारी मोटारसेवा सुरू केली. खाजगी मोटार मात्र जहागीरदार, बडा अधिकारी नाहीतर मोठा व्यापारी, एवढ्यांकडेच. पोलीस ॲक्शनमध्ये 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्ग मार्गे आत आले तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या लष्करी गाड्या मोजल्याचे वडील सांगत. मोटारीचे वेड त्यांना तिथूनच लागले असावे, असा माझा अंदाज.

आता सोलापूरचा एक माणूस या गोष्टीत येतो. शेठ वालचंद हिराचंद. जन्म 1882, सोलापूरचा. कापूस-सावकारीचा घरचा धंदा सोडून ते लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची ठेकेदारी करू लागले आणि सुरुवातीचे काम त्यांनी केले ते बार्शी लाइट रेल्वेचे. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी हे तिन्ही उद्योग देशात उभे करायचे त्यांनी मनावर घेतले. मोटारीसाठी अमेरिकेत फोर्डशी बोलणे केले, ते फिसकटले. मग क्रायस्लर कंपनीशी जमले. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या : डॉज, प्लायमाउथ आणि डीसोटो.

यातली गंमत फार थोड्यांना माहीत असते. डॉज किंग्जवे, डीसोटो डिप्लोमॅट आणि प्लायमाउथ या तीन नावांच्या गाड्या आतून जवळजवळ एकच. सांगाडा प्लायमाउथचा, इंजिन तेच, दारे तीच. पुढची जाळी, बोधचिन्ह आणि किरकोळ चकचकीत पट्ट्या बदलल्या की नाव बदलले. एकाच बँकेच्या तीन शाखा म्हणा ना! आम्हाला पुढे सुटे भाग शोधताना याचा फार उपयोग झाला.

1953 साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की जे कारखाने टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवणार असतील त्यांनाच परवानगी द्यावी, नुसते भाग जोडणाऱ्यांना नको. परिणामी फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी 1954 च्या सुमारास इथला कारभार आवरला. प्रीमियर टिकली, पण तिचा भर हळूहळू लहान फियाटवर गेला. वालचंद शेठ 1953 सालीच वारले. म्हणजे आमची 1952 ची डॉज ही त्या बहराच्या शेवटच्या काळातली.

वडिलांची गाडी

ही गाडी सोलापुरातल्या एका गिरणीच्या अधिकाऱ्यांनी नवी घेतली होती. त्यांची बदली झाली आणि 1961 साली वडिलांनी ती विकत घेतली. तोपर्यंत मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला होता. तालुक्याची कोर्टे, मोठा जिल्हा (लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, ते वेगळे झाले 1982 ला), एसटी मोजक्या. वकिलाला गाडी लागायची. पुढच्या बाकावर तीन माणसे आणि मागे चार, वर टपावर पक्षकाराने दिलेले ज्वारीचे पोते. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढे मधे पाय ठेवायला ऐसपैस जागा. नवरात्रात तुळजापूरच्या फेऱ्या, लग्नसराईत वराती. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर तक्रारी घेऊन जाणारी माणसे याच गाडीतून कलेक्टर कचेरीपर्यंत गेली.

1973 नंतर पेट्रोल भडकले. ही गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देणार. त्या काळात अशा शेकडो अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिने बसवली गेली. वडिलांनीही 1979 साली मूळ इंजिन काढून पर्किन्सचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले. पण वकीलच ते! त्यांनी दोन गोष्टी केल्या. इंजिन बदलल्याची रीतसर नोंद आरसी बुकात करून घेतली. आणि काढलेले मूळ इंजिन भंगारात न देता, ग्रीस फासून, पोत्यात गुंडाळून, वाड्यातल्या रिकाम्या बळदात ठेवले. आई म्हणायची, "ज्वारीच्या जागी लोखंड कुणी ठेवतं का?" वडील म्हणायचे, "अस्सल आहे, राहू दे."

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. 3 वाजून 56 मिनिटांनी काय झाले ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. किल्लारी-सास्तूर भागात सुमारे 8 हजार माणसे गेली. आमच्या माळवदाच्या वाड्याची मागची भिंत ढासळली, माणसे सुखरूप. मी तेव्हा बदलीच्या गावी होतो. धाकट्या भावाने सकाळी डॉज काढली, मागचे बाकडे उचकटून बाहेर टाकले, तिथे गाद्या अंथरल्या आणि सास्तूरहून जखमींना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेले. दोन दिवसांत किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब त्याने ठेवला नाही. ते बाकडे सास्तूरच्या रस्त्याच्या कडेला पडले ते पडलेच. ते आणायला परत कोण जाणार, आणि कोणत्या तोंडाने?

1998 साली वडील गेले. गाडी चालवणारे कुणी राहिले नाही. मी नोकरीत, भाऊ पुण्याला, बहीण लातूरला. वाडा विकला तेव्हा, 2004 साली, दोरीने ओढत गाडी आपल्या सोसायटीत आणली. मूळ इंजिन टेम्पोतून आले आणि माझ्या बाल्कनीत बसले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तो एक अनुत्पादक कर्जाचा खाता : वसुली नाही, पण माफही करवत नाही.

ठराव आणि निर्णय

2022 च्या सर्वसाधारण सभेत ठराव आला : पार्किंग अपुरे आहे, बंद पडलेली सर्व वाहने मालकांनी सहा महिन्यांत हलवावीत. काही जणांनी माझ्याकडे पाहून खाली मान घातली. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला. नियम सगळ्यांना सारखा.

पर्याय तीन होते. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता. एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला उभी करायची होती, आत कुंड्या ठेवून. तिसरा पर्याय : चालू करून, कागद पुरे करून, जाणत्या माणसाला विकणे. भाऊ 2020 मध्ये गेला होता. त्याची बायको फोनवर म्हणाली, "दादा, भंगारात नको. यांनी त्या गाडीत माणसं वाहिली होती." बहीण म्हणाली, "विकायची तर वडिलांना शोभेल अशी विका." तिसऱ्या पर्यायाला खर्च होता, पण तिथेच मत पडले.

त्याच सुमारास नवा नियमही हाताशी होता. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, घरगुती वापराचे वाहन त्यात बसते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. ज्यांची आधी नोंदणी आहे त्यांचा जुना नंबर कायम राहतो. नव्याने नोंदणी करायची असेल तर फी 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000 रुपये. प्रमाणपत्र दहा वर्षांचे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठी आणता येते.

'मूळ रूप' हे दोन शब्द वाचले आणि मी बाल्कनीत जाऊन त्या पोत्याकडे पाहिले. वडिलांनी 1979 साली जे लोखंड राखून ठेवले, त्यावरच आता सगळे अवलंबून होते. डिझेल इंजिनासह ही गाडी म्हणजे जुनी गाडी. मूळ इंजिनासह ती व्हिंटेज.

गाडी रस्त्यावर आणताना

सोलापूरचे एक वयस्कर मिस्त्री, ज्यांना तिकडे सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी तरुणपणी अशा गाड्यांवर काम केले होते. त्यांना आणून दाखवली. मला वाटले आधी इंजिनाचे बघतील. त्यांनी चाकाखाली मान घातली आणि म्हणाले, "सायेब, आधी थांबायचं बघू. मग चालायचं." मला ते फार पटले. कर्ज देण्यापूर्वी वसुलीचे बघा, तसेच हे.

या गाडीचे ब्रेक तेलाचे, पण एकाच नळीचे. आजच्या गाड्यांसारखे दोन भाग नाहीत. कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजून खड्डे पडले होते. लेथवर बोअर करून त्यांत पितळी बाही ठोकली, रबरी कप मापाने शोधून घातले, सगळ्या नळ्या नव्या ओढल्या. चाके काढताना एक गंमत झाली. उस्तादांच्या हाताखालचा पोरगा डाव्या चाकाचे बोल्ट जोर लावून सोडवत होता आणि दोन बोल्ट तुटले. क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या बोल्टचे आटे उलटे असतात. तिथे सोडवायचे म्हणजे आवळायच्या दिशेने फिरवायचे. उस्ताद येईपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. सुदैवाने तसे बोल्ट लेथवर करून मिळाले.

मग इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत, सुमारे 3.6 लिटरचे, व्हॉल्व्ह डोक्यात नसून बाजूला ब्लॉकमध्ये बसवलेले. त्यामुळे वरचे हेड म्हणजे एक सपाट झाकण. बांधणी इतकी साधी की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. बेअरिंगे बदलता येणारी, चकत्यांची. त्या काळच्या शेवरलेटसारखी ओतीव नाहीत. म्हणून आजही दुरुस्ती शक्य. आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून आठ दिवस ठेवले. नवव्या दिवशी क्रँकच्या नटाला लांब पाना लावून उस्तादांनी हळूच जोर दिला. आधी कटकट आवाज, मग इंजिन फिरले. बाल्कनीतून पाहणाऱ्या बायका-मुलांनी टाळ्या वाजवल्या हे मला आवर्जून लिहायचे आहे.

दोन अडचणी मोठ्या होत्या. या इंजिनाचे ब्लॉक दोन लांबीचे बनत : 23 इंची आणि 25 इंची. दिसायला सारखेच, पण हेडचे गास्केट एकमेकांना चालत नाही. आमचे हेड मोजले, ते निघाले 25 इंची, कॅनडातल्या कारखान्यांत वापरत तसले. मोजूनच मागवले म्हणून पैसे वाचले. पुण्याला नोकरी करणारा आपल्याच सोसायटीतला एक मुलगा, जो लहानपणी या गाडीच्या टपावरून पडला होता, त्याने ते गास्केट परदेशातून मागवून दिले आणि पैसे घ्यायला तयार होईना. शेवटी त्याच्या आईच्या हातात दिले. दुसरी अडचण : ब्लॉकच्या आत पाणी सगळ्या सिलिंडरांना सारखे पोहोचवणारी पत्र्याची लांब नळी असते. ती पंपाच्या मागून ओढून काढावी लागते. गंजून तिची चाळण झाली होती. ती तशीच राहिली असती तर मागचे सिलिंडर तापून व्हॉल्व्ह जळाले असते. नवी नळी पितळी पत्र्याची करून घेतली.

विजेचे काम निराळेच. ही गाडी 6 व्होल्टची आणि तिचा धन टोक जमिनीला, म्हणजे बॉडीला जोडलेला. आजच्या गाड्यांत बरोबर उलटे. एका इलेक्ट्रिशियनने सुचवले, "12 व्होल्टचं करून टाकू, सोप्पं पडेल." उस्तादांनी मानले नाही, मीही नाही. मूळ रूप म्हणजे मूळ रूप. फक्त कापडी वायरी सगळ्या नव्या टाकल्या, बॅटरीच्या केबल जाड घेतल्या. व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त, बारीक केबल तापते. पेट्रोलच्या टाकीत वाटीभर गंज निघाला. टाकी धुऊन आतून मुलामा दिला. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येते. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घातल्या. टायर 6.70-15 या मापाचे, हलक्या मालवाहू गाड्यांचे मिळाले.

पत्र्याचे काम तुळजापूरच्या एका कारागिराने केले. खालच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या, त्या कापून नव्या जोडल्या. लांबी थापून झाकाझाक केली नाही. रंग मात्र आम्ही निवडला नाही. डॅशबोर्डच्या मागे जो मूळ रंगाचा तुकडा शिल्लक होता, काळसर हिरवा, तोच दिला.

राहता राहिले मागचे बाकडे. ते सास्तूरलाच राहिले होते. पुढच्या बाकड्याच्या मापाने आणि एका डीसोटोच्या फोटोवरून नवे करून घेतले.

2024 च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी गाडी चालू झाली. पेट्रोल भरायला पंपापर्यंत जाऊन आली. सोसायटीतली नऊ मुले आत बसली होती. आसनसंख्येचा नियम त्या दिवशी कुणी वाचला नसावा.

कागदाचे काम

आता माझे खरे क्षेत्र. चाळीस वर्षे तारण-गहाणाचे कागद पाहिले. मला ठाऊक होते की वस्तू कितीही सुंदर असली तरी हक्काचा कागद नसेल तर ती विकता येत नाही, फक्त देता येते.

गाडी वडिलांच्या नावावर. म्हणून आधी वारस म्हणून नाव लावणे : नमुना 31, मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे. बहीण, भावजय आणि पुतण्या यांची संमतीपत्रे नोटरीसमोर करून घेतली. घरातलेच आहे म्हणून तोंडी चालवले नाही. आज गोडी आहे, उद्याच्या पिढीचे कोण सांगावे? मग इंजिन पुन्हा मूळचे बसवल्याची नोंद. इथे वडिलांची 1979 ची नोंद कामी आली. बुकाच्या पहिल्या पानावर मूळ इंजिन क्रमांक होता, तोच ब्लॉकच्या डाव्या बाजूला कोरलेला. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला. तीन ठिकाणचे आकडे जुळले. जुनी नोंद हाती लिहिलेल्या रजिस्टरात, संगणकावर नाही. ती आधी संगणकात चढवावी लागली, त्यात काही महिने गेले. हेलपाटे झाले, पण कागद पूर्ण असल्यामुळे कुठे अडले नाही.

नंबर जुनाच राहिला, मुंबई राज्याच्या काळातला. एमएच-25 च्या गर्दीत तो एकटाच.

विक्री

खर्चाचा गोषवारा देतो, म्हणजे कुणाला असे काही करायचे असेल तर अंदाज येईल. इंजिन आणि लेथकाम 1 लाख 65 हजार. ब्रेक, स्प्रिंगा, टायर 98 हजार. पत्रा आणि रंग 1 लाख 40 हजार. वायरिंग, काचा, बाकडी 82 हजार. कागदपत्रे आणि वाहतूक 27 हजार. एकूण 5 लाख 12 हजार. विक्रीतून हा खर्च वजा करून उरलेली रक्कम तिघा वारसांत समान वाटली. भावाचा हिस्सा त्याच्या बायकोच्या खात्यावर जमा केला. विक्रीचा आकडा इथे लिहीत नाही, तो फक्त आयकर खात्याला ठाऊक आहे!

घेणारे गृहस्थ हैदराबादचे, जुन्या गाड्यांचे जाणकार. त्यांनी तीन तास गाडी पाहिली. खाली झोपून पाहिली, बॅटरीचा धन टोक पाहिला, डाव्या चाकाचे आटे पाहिले आणि हसले. मग मागच्या बाकड्यावर हात फिरवून म्हणाले, "हे मूळचं नाही." मी म्हणालो, "नाही." आणि 1993 ची हकीकत सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "एवढी हकीकत मला लिहून द्या. गाडीच्या फाइलला लावतो. ज्याला बाकडं मूळचं नाही असं वाटेल त्यानं ती वाचावी." त्यावर त्यांनी घासाघीस केली नाही. नमुना 29 आणि 30 वर सह्या झाल्या, राज्याबाहेर न्यायची म्हणून ना-हरकत दाखला घेतला. व्हिंटेज वाहनाची विक्री दोघांनीही नव्वद दिवसांत परिवहन खात्याला कळवावी लागते, तीही कळवली. डिझेल इंजिन आम्ही एका आयटीआयला देऊन टाकले. त्यावर आता मुले शिकतात. त्या इंजिनाने माणसे वाहिली, ते भंगारात गेले नाही याचे समाधान माझ्या भावजयीला जास्त आहे.

एवढेच सांगायचे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलोपार्जित काहीतरी आहे. कुणाकडे जुनी मोटारसायकल, कुणाकडे पितळी हंडे, कुणाकडे गावाकडचा पडका वाडा. विकणे म्हणजे विसरणे असे समजून आपण ती वस्तू कुजत ठेवतो, आणि शेवटी ती भंगारात जाते. माझा अनुभव असा की नीट करून, कागद पुरे करून, योग्य माणसाच्या हाती दिली तर वस्तूही टिकते आणि तिच्याबरोबरची हकीकतही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : मूळ भाग फेकू नका आणि मूळ कागद फेकू नका. पहिली गोष्ट लोखंडाला लागते, दुसरी माणसांना.

या कामात सोसायटीने मला जवळजवळ दीड वर्ष टाकीजवळची जागा वापरू दिली, सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली, हातोड्यांचा आवाज सहन केला. विजेचे जादा युनिट मी मीटरप्रमाणे भरले आहेत, पावत्या सेक्रेटरींकडे आहेत. ताडपत्री वाऱ्याने उडाली की न सांगता परत बांधणाऱ्या आपल्या वॉचमन मामांचे आभार. आणि ज्या मुलांनी वीस वर्षे त्या गाडीत बसून तोंडाने "घुर्रर्र" करत तिला चालती ठेवली, त्या सगळ्यांना, आता ती मोठी होऊन पुण्या-मुंबईला असली तरी, माझे आशीर्वाद.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा.